फुटक्या घागरीचा वाटा

भजनी दाजीबुवांचं नाव निघालं की भिकाजी तांडेलाच्या कपाळाला आठी पडायची. बुवांना ऐकायला माणसं मसुऱ्याहून, थेट कसालहून चालत यायची. भिकाजी म्हणायचा, "फुटक्या घागरीसारखो आवाज! लोकांका त्यात काय मेळता, देव जाणे!"

त्या सकाळी भिकाजीच्या रापणीचं लांबलचक जाळं समुद्रातून किनाऱ्यावर ओढायला निम्मेच हात होते. बाकीचे देवळात बुवांच्या भजनाला बसलेले. आणि नेमके त्याच दिवशी जाळ्यात बांगडे शिरले, असे की जाळं जागचं हलेना! भिकाजीची मुलगी प्रेमलता धावत गेली आणि बुवांसकट अख्खं भजन किनाऱ्यावर घेऊन आली.

"बुवा, आता गावू नकात, दोर धरा!" भिकाजी ओरडला.

बुवांनी दोर धरलाच नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी टाळ वाजवले आणि त्याच घोगऱ्या आवाजात अभंग उचलला. सगळा किनारा एका ठेक्यात मागे रेलला. जाळं हललं! पुन्हा ठेका, पुन्हा ओढ! भिकाजीच्याही टाचा त्याच तालावर वाळूत रुतत होत्या. बघता बघता बांगड्यांचा ढीग वाळूवर उसळला आणि एकच आरडाओरडा झाला.

भिकाजीनं पहिला वाटा बुवांपुढे ठेवला.

"बाबा, दोराक हात लावतलो तेकाच वाटो, असा तुमीच सांगतास मां?" प्रेमलता हसली.

"गप गो! आवाज अजून फुटक्या घागरीसारखोच आसा." भिकाजीनं वाट्यावर आणखी दोन बांगडे टाकले. "बुवा, उद्या सकाळी परत रापण आसा. टाळ घेवन येवा."