असेल की असता

केसरबाई छावणीपर्यंत अनवाणी पळत आली. सासऱ्यांनी, अर्जुनरावांनी, उद्या मुलाचे दिवस घालायचे ठरवले होते. म्हणजे उद्या तिच्या बांगड्या फुटणार. जित्या माणसाचे दिवस! म्हाताऱ्याला घाई तरी केवढी!

तिचा नवरा बद्रीनाथ अंबाजोगाईच्या छावणीत घोडे सांभाळायचा. घोड्यांबरोबर मिसरच्या लढाईवर गेला तो गेलाच. परत आला तो त्याचा गोरा साहेब. केसरबाईने हंबरडा फोडून त्याचे पाय धरले, तेव्हा तो इंग्रजीत एवढेसे काहीतरी बोलला आणि निघून गेला. दुभाष्या मैनुद्दीन मुन्शीने तिला सांगितले होते, "वाचला असेल म्हनतो." तेवढ्या बोलावर तिने आजवर कुंकू राखले होते.

"चाचा, घरी चला. सायेब काय म्हनला ते मामंजींना सांगा."

मुन्शीचे इंग्रजी छावणीत उचललेले, निम्मे साहेबाला कळायचे आणि निम्मे घोड्यांना. पण माणूस मायाळू. "सांगतो की बेटी. पन त्याचे शब्द कुठं ध्यानात हायेत आता?"

"माज्या हायेत."

अर्थ कळत नसताना रोज जात्यावर घोकलेले ते बोल तिने डोळे मिटून घडाघडा म्हटले. "ही माइट हॅव लिव्ड, इफ वी हॅड हॅड वाटर."

मुन्शीचा चेहरा उतरला.

"काय झालं, चाचा?"

"काई न्हाई. वाचला असेल, असंच म्हनला."

तो तिच्याकडे बघेना.

"मग वाटर कावून म्हनला? वाटर म्हंजी पानी. घोड्यास्नी पानी दावताना हे तसंच म्हनायचे. पाया पडते तुमच्या, पान्याचं काय ते सांगा!"

मैनुद्दीन कपाळाला हात लावून खाली बसला. "तुज्या रडन्यात मागचं मला ऐकूच आलं न्हाई गं. 'माइट हॅव' लई दगाबाज. एकटं आलं तर असेल. मागनं 'इफ' आला का असता."

"म्हंजी?"

"पानी मिळालं असतं, तर वाचला असता."

असता. हा शब्द तिला कुणी समजावून सांगायला नको होता.

"म्हंजी," ती म्हणाली, "पानी पानी करत गेले."