ईशान्येचा वारा

"मग निघू की नको? एवढंच सांग."

नवऱ्याचा फोन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला, तेव्हा मी परदेशातल्या प्रशिक्षण केंद्राच्या जिन्यात उभी होते. हातात पेन. साडेसातला शेवटचं प्रात्यक्षिक होतं. आमचे हे गावी धक्क्यापासून समोरच्या बेटापर्यंत लाँच चालवतात. तिकडचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे त्यांच्याकडे जेमतेम फटफटत होतं.

"बातम्यांत काय म्हणतायत?" मी विचारलं.

"संध्याकाळनंतर समुद्रात जाऊ नका म्हणतायत. बेटावरची माणसं मागे लागलीत, आजच इकडे आणा म्हणून. दोघं म्हातारी आहेत, एक बाळंतीण आहे. सातला निघालो तर नऊला तिथे, अकराला परत. नऊ महिने उपग्रह बघत बसलीस ना? मग सांग की."

ह्या 'सांग की'ची मी चोवीस वर्षं वाट बघितली होती. वेधशाळेत मी निरीक्षक. तापमान वाचायचं, वारा वाचायचा, आकडे वर पाठवायचे, संपलं. अंदाज वर्तवणारे वेगळे. त्यांच्या खुर्च्यांना हात असतात, आम्हाला स्टूल. उपग्रह हवामानशास्त्राच्या ह्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अकरा देशांतून एकोणीस जण आले होते आणि त्यांत सगळ्यांत थोराड मी. पास झाले की परत गेल्यावर अंदाज वर्तवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागणार होतं. शेचाळिसाव्या वर्षी का होईना.

पहाटेचं उपग्रहचित्र मी नुकतंच प्रयोगशाळेत बघून आले होते. वादळ चांगलं लांब होतं.

"या जाऊन," मी म्हणाले. "रात्री आठच्या आधी वारा चढत नाही."

"नक्की?"

"अहो, मी सांगतेय ना!"

पहिल्याच दिवशी आम्ही सह्या केलेल्या कागदावर लिहिलं होतं, की प्रशिक्षणार्थींनी बाहेर कुणालाही अंदाज सांगू नये. पण घरच्या माणसाशी बोलणं म्हणजे काय अंदाज देणं झालं? अशी मी माझीच समजूत घातली, दारातल्या टोपलीत फोन टाकला आणि आत जाऊन बसले.

आमच्या सरांना जुनी वादळं शिकवायला आवडत नसे. मेलेलं वादळ कापून कुणी हवामानतज्ज्ञ होत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून प्रात्यक्षिकाला त्यांनी चालू वादळ घेतलं. चालू वादळ त्या आठवड्यात एकच होतं आणि ते माझ्या दारात होतं.

"तुमच्याच किनाऱ्यावरचं आहे," ते माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले. "तुम्हाला दुसरं देऊ का?"

"नको सर. घरचंच बरं." मी हसलेसुद्धा.

पहिला भाग पाऊण तासाचा. रात्रीची सहा चित्रं, सोबत किनाऱ्यावरच्या वेधशाळांचे आकडे, आणि त्यावरून वादळाचं केंद्र शोधून फुली मारायची. उत्तर एकदाच द्यायचं. पांढऱ्याशुभ्र ढगाचा भला मोठा गोळा समोर होता. मी त्याच्या बरोबर मधोमध फुली मारली. मग आकडे पडताळायला घेतले आणि एका ओळीवर अडले. ती ओळ माझ्याच वेधशाळेची होती. वारा ईशान्येचा, बावीस नॉट.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की केंद्र डाव्या हाताला, हे आमच्याकडे नव्याने लागलेल्यालाही पाठ असतं. माझी फुली बरोबर असेल तर वारा वायव्येचा हवा होता. ईशान्येचा असेल तर केंद्र दक्षिणेला, भलतीकडेच. पण ड्युटीवर कोण असणार ते मला ठाऊक होतं. आमचा पारा. निवृत्तीला आलेला गृहस्थ, नाकावर राग, म्हणून सगळे त्याला पारा म्हणतात. पहाटे छपरावर जायचा कंटाळा आला की मागचाच आकडा पुन्हा उतरवतो, अशी त्याची ख्याती. झोपेत लिहिलंय मेल्याने, मी मनात म्हटलं. एखादं निरीक्षण नाकारायची आम्हाला मुभा होती, फक्त कारण लिहायचं. मी ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं: निरीक्षण संशयास्पद.

सव्वाआठला कागद गोळा झाले. मग सरांनी पडद्यावर उजाडल्यानंतरचं पहिलं चित्र लावलं.

रात्रीच्या चित्रात ढगांच्या माथ्यांचा थंडावा तेवढा दिसतो. खालचे ठेंगणे ढग समुद्रात मिसळून जातात. उजेडात ते उघडे पडतात. पांढरा गोळा होता तिथेच होता, पण वादळ त्याच्याखाली नव्हतंच. ते गोळ्यापासून दोनशे किलोमीटर नैर्ऋत्येला, किनाऱ्याच्या अंगाला सरकून, मोरीच्या जाळीवर पाणी फिरतं तसं उघड्यावर फिरत होतं. वर ढग नाही, पाऊस नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला आकाश निळंच दिसणार होतं.

वर्गात हाय हाय झाली. सर खूश होते.

"सतरा जण फसलात. फसावं म्हणूनच दिलं होतं. आता दुसऱ्या भागात चूक दुरुस्त करा. खरे गुण त्यालाच आहेत."

मी पटकन हिशेब मांडला. वारा रात्री आठला नव्हे, सकाळी दहाच्या आतच चढणार. भिंतीवर आठ बावीस झाले होते. तिकडे सातला आठ कमी.

मी उठले. दारात केंद्राच्या प्रमुख मॅडम टोपली घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, माझा फोन द्या."

"आत्ता? खोलीबाहेर गेलात तर पेपर रद्द होतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. द्या."

"कारण नोंदवावं लागेल मला."

"नोंदवा," मी म्हणाले, आणि आवाज जरा चढलाच असणार, कारण सगळ्यांची पेनं थांबली. "सकाळी मी नवऱ्याला सांगितलं, लाँच घेऊन जा म्हणून. ह्याच चुकीच्या अंदाजावर सांगितलं."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांचं हसू मावळलं होतं. फोन माझ्या हातात आला.

ह्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला. इंजिन सुरू असलं की त्यांना काही ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा तर लागलाच नाही. मग मी वेधशाळेचा नंबर फिरवला.

"वेधशाळा." पाराच होता.

"मी बोलतेय. तुमचा ईशान्येचा वारा बरोबर होता."

"बरोबरच होता! दोनदा छपरावर जाऊन बघितला मी. का, कोण चूक म्हणतं?"

"मी म्हटलं. मी तो खोडला." त्याला बोलू न देता मी बोलत राहिले. "वादळ दक्षिणेला आहे आणि जवळ आहे. आमच्या ह्यांना मी जा म्हणून सांगून बसलेय. धक्क्यावर पळा, लाँच थांबवा."

"सुटली, बाई. आत्ताच भोंगा ऐकला मी."

"मग बेटावर कसं कळवायचं?" मी विचारलं.

"बेटाच्या धक्क्यावर वायरलेस आहे," तो म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

"पोचल्यावर तिथेच थांबा म्हणावं. एक माणूस लाँचवर चढवू नका. आकाश कितीही निळं असलं तरी."

"वरून आदेश नाही. कुणाच्या सांगण्यावरून सांगू?"

"माझं नाव सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच तो माझ्यावर खेकसला नाही.

बाहेर जिन्यातल्या बाकावर मी बसून राहिले. आतून कागदांची सळसळ येत होती. माणसं आपापल्या फुल्या दुरुस्त करून पास होत होती. दर अर्ध्या तासाने मी पाराला फोन लावत होते आणि तो न कुरकुरता वारा वाचून दाखवत होता. अठ्ठावीस. तेहतीस. बेटावर निरोप पोचलाय, पण लाँच अजून दिसत नाही. मग वेधशाळेचाही फोन लागेनासा झाला. मी नास्तिक बाई, पण त्या बाकावर मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते आता सांगवत नाही. आमच्या मुख्य कार्यालयाने तिकडच्या नऊला बातमीपत्र बदललं, म्हणजे चूक त्यांचीही होती. त्याने मला कवडीचा दिलासा मिळाला नाही. त्यांचं त्यांच्यापाशी.

दुपारी तीनला बेटावरच्या कुणाच्या तरी फोनवरून ह्यांचा आवाज आला.

"बाळंतीणबाई शिव्या घालत होती गं. चढून बसली होती, बाळाला घेऊन. एवढं निळं आभाळ आणि हा बाबा उतरवतोय म्हणाली. उतरवलं सगळ्यांना, आणि पाव तासात धक्क्याचे पत्रे उडाले."

"तुम्ही बरे आहात ना?"

"लाँच गेली."

"मी तुमचं विचारतेय."

"दोर आवळताना हात सापडला. दोन बोटं गेली."

"कुठल्या हाताची?"

"उजव्या."

मी जिन्यातच रडायला लागले. येणारेजाणारे बाजूने जात होते.

"रडू नकोस. तू म्हणालीस म्हणून निघालो, तू म्हणालीस म्हणून थांबलो. फिट्टंफाट."

फिट्टंफाट झाली नव्हती. ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

आठवड्याने अठरा जणांना पदविका मिळाली. मला हजेरीचं पत्र मिळालं, आणि नियमभंगाची एक नोंद माझ्या कार्यालयाकडे गेली. मॅडमचा त्यात दोष नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही पाठवली असती.

निघायच्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझा पहिल्या भागाचा कागद होता, फुलीचा.

"पुढच्या तुकडीला हा दाखवायचा म्हणतो," ते अवघडून म्हणाले. "इतकी स्वच्छ चूक पुन्हा मिळायची नाही. तुमची हरकत नसेल तर. नाव अर्थात झाकतो." त्यांनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापूनच ठेवली होती.

"नाव राहू द्या, सर."

"पुढच्या वर्षी तुमच्याकडचंच कुणीतरी येईल. ओळखतील तुम्हाला."

"ओळखू देत. जरा पेन देता?"

त्यांनी पेन दिलं. कागदाच्या तळाशी शेऱ्याची जागा रिकामी होती. मी आमच्या नोंदवहीत लिहिते तशा सुट्या, ठळक अक्षरांत लिहिलं: हेच उत्तर परीक्षेपूर्वी घरी फोनवर सांगितले. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला.

सरांनी ते वाचलं. मग ती पट्टी त्यांनी खिशात घातली आणि माझी बॅग स्वतः उचलून फाटकापर्यंत आले.