धाकटीची तपासणी

मोठीला झटका आला तेव्हा ती पहिलीत होती. दात घासता घासता हातातला ब्रश पडला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि बोलायला गेली तर नुसती घरघर. दोघी बहिणींना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हे घरात माहीत होतं. सांधे दुखायचे, ताप यायचा, त्याची सवय झाली होती. पण या आजारात एवढ्याशा पोरांच्या मेंदूतली रक्तवाहिनीही बंद पडू शकते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मोठी वाचली, उजवा हात मात्र कायमचा आखडला.

आई हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. त्या दिवसापासून तिने भेटेल त्या डॉक्टरला विचारायला सुरुवात केली, "धाकटीला झटका यायच्या आधी कळेल का?"

बऱ्याच जणांनी उडवून लावलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. "कळतं. कानशिलावर यंत्र टेकवून मेंदूत रक्त किती वेगाने धावतंय ते बघतात. दुखत नाही. वेग फार असेल तर नियमित रक्त चढवायचं. त्याने बहुतेक पोरांचा झटका टळतो."

"मग मोठीची ही तपासणी का नाही केली?"

डॉक्टरीणबाईंनी नजर चुकवली नाही. "करायला हवी होती."

आई दोघींना घेऊन थेट तपासणीच्या खोलीपाशी गेली. यंत्र चालवणारा म्हणाला, "इथे लहान पोरांची करत नाही. हलतात, रडतात. वर्षभराने आणा."

"तोवर झटका आला, तर तुम्ही येणार का तिला घास भरवायला?"

"बाई, आवाज चढवू नका."

"अजून चढवलाय कुठे?" म्हणत आईने दारातच बसकण मारली. कुणी आत जाईना, कुणी बाहेर येईना. अखेर डॉक्टरीणबाईच खाली आल्या आणि धाकटीला खाटेवर घेतलं.

रडायचं नाही, झोपायचंही नाही, नाहीतर आकडे चुकतात. मोठी उशाशी उभी राहून बजावत होती, "हललीस तर हरलीस!" धाकटी हरली नाही. पण वेग फार निघाला.

घरी आजी कडाडली, "नाचती-खेळती पोर ती! तिला कशाला सुया टोचताय? कुणाकुणाचं रक्त घालणार?"

बाबा खाली मान घालून बसले. आई उसळणार, तेवढ्यात मोठीने विचारलं, "आजी, माझी वेणी कोण घालतं?"

"तुझी आई."

"मला स्वतःची स्वतः घालायचीय. जमत नाही. मीपण नाचती-खेळतीच होते की."

बाबा उठले. "उद्या मी सुट्टी टाकतो. मीच नेतो तिला."

रक्त चढू लागलं. धाकटी दर खेपेला सुईवर चिडायची, नर्सशी भांडायची, पण हात पुढे करायची. काही महिन्यांनी वेग उतरला. आजी लगेच म्हणाली, "झालं ना? आता पुरे."

"थांबवलं की पुन्हा चढतो. डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहणार," आई म्हणाली. आजीने तोंड फिरवलं. आईने फिरवू दिलं.

रक्ताच्या वॉर्डात इतर आयाही बसलेल्या असत. आई एकेकीला विचारायची, "पोराच्या डोक्याची तपासणी झाली? नाही? चल, ऊठ."

यंत्रवाल्याने तिला पुन्हा दारात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता कोण?"

"हिचा मुलगा. रडका आहे जरा," आई म्हणाली. "सांभाळून घ्या."