नवमीचं तेल

माझे हात थकले, असं माझ्या मुलाचं मत पडलं. परेशचं ऑफिस शहरात, तुकोगंजात, पाचव्या मजल्यावर. तिथून तो हातोदच्या रस्त्यावरची आमची पेरूची बाग चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बाग खरी चालवते मी. हे गेल्यापासून रोज सकाळी राजेंद्रनगरहून गाडी काढते, शेजारी सासऱ्यांना, म्हणजे नानांना, बसवते आणि उन्हं चढायच्या आत आम्ही बागेत असतो. मी छोटा ट्रॅक्टर काढते. नाना खाटेवर बसून राखणीचं काम बघतात, म्हणजे पोपटांना शिव्या देतात.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. ओळीच्या टोकाला मी ट्रॅक्टर वळवायला गेले, तर स्टिअरिंग दगडासारखं जड. दोन्ही हातांनी ओढलं तरी अर्धवटच फिरलं आणि ट्रॅक्टर सरळ एका झाडावर गेला. फळांनी लगडलेली फांदी मोडली. सुट्टी होती म्हणून परेश नेमका तिथंच होता. तो धावत आला, मला खाली उतरवलं आणि स्वतः ट्रॅक्टर रस्त्यावर काढून जोरात पळवून आणला.

"स्टिअरिंग एकदम ठीक आहे, आई," तो म्हणाला. "सीधी बात आहे, तुझ्या हातात आता दम नाही राहिला."

चावी त्यानं खिशात टाकली. मग तो जे बोलला, ते तो बरेच दिवस मनात धरून होता हे मला कळलं. "संडेला ते बागा कसायला घेणारे मोहनभिया येतील. बाग त्यांना करायला देऊन टाकू. ट्रॅक्टर पण तेच नेतील. आणि आजोबांनी पण या उमरमध्ये रोज धूळ कशाला खायची? दोघं आरामात घरी राहा ना."

त्याच्या बोलण्यात प्रेमच होतं, हीच तर अडचण. परतताना गाडीत मला रडू आलं. बाग गेली तर मी फ्लॅटमध्ये मटार सोलत बसणार आणि नाना गॅलरीतून लोकांच्या स्कूटर मोजणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

पण रडणं संपलं की माझं डोकं चालायला लागतं. याच हातांनी मी आदल्या आठवड्यात फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन अख्खी बाग फिरले होते. माणूस हळूहळू थकतं, एका दिवसात बिघडतं ते यंत्र. चोर सोडून संन्याशाला फाशी, असला प्रकार मी माझ्याच बागेत चालू देणार नव्हते.

शनिवारी सकाळी बागेत गेले. ट्रॅक्टरबरोबर दोन चाव्या येतात, हे परेशला कधी कळलंच नव्हतं. दुसरी माझ्या पर्समध्ये होती.

आधी पुढच्या चाकांची हवा बघितली, कारण हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतं. हवा बरोबर होती. मग स्टिअरिंगच्या टाकीचं झाकण उघडून तेल बघितलं. तेही पुरेसं होतं. त्याला फेस नव्हता, रंगही साफ होता, आणि जमिनीवर कुठं गळतीचा डाग नव्हता. मग पुढचा भाग जॅकवर उचलला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवलं. चाकं मुकाट्यानं इकडची तिकडे झाली. म्हणजे खाली सांध्यात काही अडकलेलं नव्हतं. दोष हातांना मदत करणाऱ्यात होता. मदत करतो पॉवर स्टिअरिंगचा पंप, आणि आमच्या ट्रॅक्टरचा हा पंप इंजिनवरून पट्ट्यानं फिरतो.

जॅक काढला, बॉनेट उघडलं आणि इंजिन मंद चालू ठेवून स्टिअरिंग वळवलं. आतून बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला. वळवणं थांबवलं की आवाज बंद. पट्टा घसरत होता! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात वास आला.

रबर जळल्याचा वास मी समजू शकले असते. पण हा वास आमच्या देवघराचा होता. तिळाच्या तेलाचा.

इंजिन बंद करून वाकून बघितलं. पट्टा तेलानं चकचकत होता, पुलीच्या खाचेत तेल होतं, बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाच्या शिंतोड्यांची काळी रेघ उठली होती. आणि पंपाच्या डोक्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं.

आमचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. फौज गेली, पण एक तलवार राहिली आणि खंडेनवमीची शस्त्रपूजा राहिली. तलवारीला नाना स्वतःच्या हातानं तिळाचं तेल चोळतात. शस्त्र कोरडं राहिलं की धन्यावर उलटतं, असं ते म्हणतात. यंदा त्यांनी ट्रॅक्टरचीही पूजा केली होती. मी तेव्हा घरी पुरण वाटत होते आणि परेश त्यांना बागेत सोडून हार आणायला गेला होता. तेवढ्या वेळात नानांनी जे जे फिरतं त्याला त्याला तेल पाजलं होतं. माझ्या शस्त्राला, माझ्यासाठी.

मी वळून बघितलं. नाना खाटेवर बसून पोपटांना शिव्या देत होते. हे परेशला कळलं तर तो आजोबांना बागेचं तोंड बघू देणार नाही. मी बॉनेट बंद केलं, हातोदला जाऊन नवा पट्टा आणला आणि गप्प बसले.

पट्टा लगेच बसवला मात्र नाही. एवढी मी भोळी नाही.

रविवारी परेश आला. मोहन दुपारी यायचे होते. मी ट्रॅक्टर सुरू करून त्याला सीटवर बसवलं.

"ही चावी कुठून आणली?"

"ते राहू दे. त्या दिवशी तू रस्त्यावर पळवलास, पळत्या चाकाला वळवायला जोर लागत नाही. मी ओळीच्या टोकाला कशी वळते, तसं कर. रेस देऊ नकोस. जागच्या जागी पूर्ण वळव."

त्यानं एका हातानं सुरुवात केली. मग दुसरा हात लावला. मग पाय रोवले. पट्टा किंचाळायला लागला. जिमला जाणारा माझा मुलगा मानेपर्यंत लाल झाला आणि स्टिअरिंग अर्ध्यातच अडकलं.

"तुझ्या हातात पण दम नाही राहिला वाटतं," मी म्हणाले. हे म्हणायला मी कालपासून थांबले होते.

मग इंजिन बंद करून मी पदर खोचला. जुना पट्टा काढला, साबणाच्या पाण्यानं पुल्या घासून कोरड्या केल्या, नवा पट्टा चढवला आणि अंगठ्यानं दाबून ताण बघितला. परेश नुसता पाने देत होता. इंजिन सुरू करून मी एका बोटानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

परेश जुना पट्टा हातात धरून उभा होता. त्यानं बोटं एकमेकांवर चोळली. "आई, पण यावर तेल कुणी टाकलं? पट्ट्याला कोण तेल लावतं?"

"गळलं असेल कुठून तरी," मी म्हणाले.

"गळलं नाही," मागून आवाज आला. नाना काठी टेकत आले होते. "मी लावलं. नवमीला."

परेश त्यांच्याकडे बघत राहिला. नानांनी पाठ ताठ केली.

"सुनेचे हात थकले म्हणून तू बाग द्यायला निघालास, परेश. ते हात तर चांगले निघाले. थकले ते माझे. आता माझं काय करतोस, सांग. मला पण देऊन टाकणार का मोहनला?"

परेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो बॉनेटमध्ये उगाच वाकून बघायला लागला.

मी पेटीतून ग्रीसगन काढली आणि नानांच्या हातात दिली. त्यांना पुढच्या चाकाजवळ स्टुलावर बसवलं आणि सांध्यावरची ग्रीस भरायची बोंडी दाखवली. "नाना, याला तेल इथं लागतं. दर आठवड्याला. माझ्या ध्यानात राहत नाही, हे तुम्ही बघायचं."

नानांनी दांडा दाबला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबला, तेव्हा सांध्याच्या कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर आलं. नानांनी ते अंगठ्यावर घेतलं आणि बॉनेटवर, नवमीच्या फिक्या कुंकवाशेजारी, टिळा लावला.

परेशनं फोन काढला. "मोहनभिया, रहने दो आज. नहीं नहीं, बाद में भी नहीं. आई हैं ना." मग त्यानं खिशातली चावी काढून माझ्यापुढे धरली.

"ती आजोबांकडे दे," मी म्हणाले आणि सीटवर चढले. "आणि वाटेतून बाजूला व्हा दोघंही. मला वळायचंय."