सहा अंश पश्चिमेला

उपग्रहाला दिशा दाखवणाऱ्या चुंबकमापकाचे आकडे रोज एकाच दिशेला आणि एकाच मापाने चुकत होते. बिघाड असता तर ते कसेही भरकटले असते. या चुकीमुळे कॅमेरा सहा अंश पश्चिमेला कलत होता आणि लगूनाच्या तळ्याऐवजी मनिलाच्या खाडीचे रिकामे पाणी टिपत होता. देशाचा पहिला उपग्रह सहा आठवडे असे नुसते पाणी पाठवत होता.

दुसरा उपग्रह इथे बांधायचा की बाहेरून आणायचा, हे आमच्या प्रमुख डॉक पाकुबास महिनाभर सांगत नव्हत्या. "आधी एक धड फोटो दाखवा," एवढेच म्हणत. बाहेरून आणला तर आमची अकरा जणांची प्रयोगशाळा बंद होणार होती.

सोमवारी मी सगळ्यांना विचारले, "शेवटच्या जुळणीत कोणी आत काही ठेवलं होतं का? काहीही?"

जुळणीचे काम करणारे देल्फिन आमच्यात सगळ्यांत थोरले, म्हणून सगळ्यांचे कुया, म्हणजे दादा. गळ्यातली साखळी चाचपत त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"लुझ, मारियामातेचं पदक चिकटवलंय. मापकाच्या खालीच. प्रवासात सांभाळायला माझ्या जीपमध्येही असतं, म्हटलं याचा प्रवास तर केवढा लांबचा!"

"पोलादी?"

"मग काय सोन्याचं?"

"कुया, तपासणीच्या कागदावर नऊ जणांच्या सह्या आहेत!"

"त्यातल्या चौघांनी मास्क खाली करून त्याचा मुका घेतला होता. नावं सांगू?"

दोघेजण घाईने चहा प्यायला गेले.

देल्फिननी गळ्यातले तसलेच पदक काढून दिले. उपग्रहाच्या जमिनीवरच्या जुळ्या नमुन्यात, मापकाखाली ते ठेवताच आकडे नेमके तेवढेच सरकले. तेवढा फरक वजा करण्याची आज्ञा मंगळवारी वर पाठवली.

बुधवारी सकाळी दहा चाळीसला उपग्रह डोक्यावरून गेला. फोटो ओळीओळीने उमटू लागला. आधी पाणीच. मग पाण्यात रेखीव चौकोन दिसले: मासे पाळायची बांबूची कुंपणे.

"लगूना!" मी ओरडले.

"आणि हे माझ्या मेहुण्याचं!" देल्फिन पडद्यावर बोट आपटत म्हणाले. "हद्दीबाहेर टाकलंय लबाडानं! आता कुठं लपशील?"

खोली हसण्याने आणि टाळ्यांनी दणाणली. कोणी टेबलावर चढले, कोणी रडत होते.

डॉक चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या. एकेक चौकोन त्यांनी सावकाश पाहिला. मग आमच्याकडे वळल्या.

"दुसरा आपण इथेच बांधायचा."