अडलेली आयत

मुलांनो, डोळ्यांपुढे एक चटई आणा — मशिदीच्या अगदी मागच्या रांगेतली, कडेची सुतळी उसवलेली. त्या सुतळीकडे दाऊद खतीब बघत होते. रोह्याच्या या मशिदीत आयुष्यभर पुढे उभं राहून नमाज पढवली, तेव्हा ही चटई कुठेतरी पाठीमागे असायची... आणि आज सूर्यास्तानंतरच्या, मगरिबच्या नमाजेला ते पोरांच्या रांगेत होते, शेजारी आठ वर्षांचा हारून.

नमाजेत मन जागेवर ठेवावं, हे त्यांनीच तर पोरांना शिकवलेलं. पण मन इस्माईलच्या ओट्यावर जाऊन बसलं होतं. कबरस्तानाच्या जागेवरून जमातीच्या अध्यक्षांविरुद्ध कोर्टात गेला, म्हणून वाळीत पडलेला इस्माईल. तो मेला तर खांदा द्यायला कुणी पुढे होईना. दाऊदनी जाऊन जनाज्याची नमाज पढवली, एवढंच. मग अध्यक्ष उस्मानशेठ सुपारी कातरत म्हणाले होते, “मौलवीसाब, खुदाचं तुमी सांगा, आमी ऐकू. जमातीचं आमी सांगू, तुमी ऐका. नाय जमत? मग मागं उभे ऱ्हावा!” आणि लोक हसले — ज्यांच्या कानात दाऊदनी जन्मल्या जन्मल्या अजान दिली होती, तेसुद्धा.

पुढे पेणहून आणलेला नवा इमाम पढत होता. कोवळा, गोड आवाज... मध्येच थांबला. कुराणातली तीच आयत त्याने पुन्हा धरली, पुन्हा त्याच शब्दापाशी अडला.

सगळी मशीद गप्प.

पुढचा शब्द दाऊदच्या जिभेवर होता. मक्तबात कुराण शिकवताना ते पोरांना सांगायचे, “इमाम अडला की मागच्याने आयत द्यायची. लाजायचं नाय. इमाम पुढे असतो, वर नसतो.” द्यावा शब्द?... अडू दे. शेठनी आणलाय, शेठनीच द्यावी आयत — येते का त्यांना? एक गार, कडू समाधान घशाखाली उतरलं. आणि त्याच्या पाठोपाठ, न बोलावता, इस्माईलचं दार... त्या दारासमोर लोक असेच उभे होते. हात बांधून. गप्प.

हारूनला ती आयत पाठ होती. त्याने तोंड उघडलं, पण आधी मान वर करून मौलवीसाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले.

मग हारूननेही आपले ओठ मिटले, आणि त्यांच्यासारखाच उसवलेल्या सुतळीकडे बघत उभा राहिला.