गुंडाळलेली दोरी

माझी बायको नगराध्यक्षपदाची निवडणूक हरली, त्याच्या आदल्या दिवशीच तिच्या धाकट्या भावानं बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं मी त्याला म्हटलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "भाऊजी, ताई हरली तर मिशा उतरवीन." मिशा अजून जागेवर आहेत. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नाही.

पण त्याला एकट्याला तरी काय बोलायचं? सगळं गाव तेच म्हणत होतं. ती इथली डॉक्टर. खाली तिचा दवाखाना, त्याला लागून माझा छापखाना आणि वर आमचं घर. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्माला आलेली. समोर उभा होता एक ठेकेदार, आणि त्याची ख्याती अशी की स्वतः बांधलेल्या पुलावरून तोही गाडी हळूच नेतो. केस कापायला बसलेल्या माणसाला विचारा, नाहीतर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्याला विचारा, उत्तर एकच. "हा काय प्रश्न झाला? बाईच येणार."

खुर्चीची हौस तिला कधीच नव्हती. तिला एक कुलूप उघडायचं होतं. नगरपालिकेनं बांधलेलं प्रसूतिगृह कित्येक वर्षं बंद पडलंय. आत ऑपरेशनचं टेबल आहे, दिवे आहेत, खोक्यातून बाहेरसुद्धा न काढलेली यंत्रं आहेत. माणसं नेमायची आणि कुलूप काढायचं, एवढंच काम नगराध्यक्षाच्या सहीवाचून अडलेलं. आलेला प्रत्येक नगराध्यक्ष "बघू" म्हणत गेला. ठेकेदार तर उघडच म्हणत होता, की ती इमारत पाडून तिथं दुकानांचे गाळे काढू.

गेल्या वर्षी पोस्टमनची बायको बाळंतपणात अडली. शहर दीड तासावर. भाजीच्या टेम्पोत तिला आडवी घातली, माझी बायको शेजारी बसली, आणि अर्ध्या वाटेवर त्या पोरीनं तिचा हात धरूनच प्राण सोडला. घरी आल्यावर ही बराच वेळ हात धूत राहिली. मग नळ बंद करून म्हणाली, "अहो, ती वाचली असती. आपल्याच गावात वाचली असती." आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेली ही बाई त्यानंतर मतं मागायला घराबाहेर पडली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की पहिलं पत्रक छापताना शाई जास्त लागली आणि तिचा फोटो काळाकुट्ट उठला. "निवडणुकीआधीच तोंड काळं केलंत माझं," असं म्हणून ती खूप हसली. तसं हसणं पुन्हा ऐकलं नाही.

आता घंटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच बिघडलं.

दवाखान्याच्या दारावर बाहेरच्या अंगाला एक दोरी लोंबते. दोरी ओढली की वर आमच्या झोपायच्या खोलीत पितळेची घंटी वाजते. लग्न होऊन मी या बाईला घरी आणली तेव्हापासून ती घंटी वाजली आणि ही खाली गेली नाही, असं झालेलं नाही. ताटावरून उठली, तापातून उठली, तिच्या वडिलांच्या निधनाची बातमी आली त्या दुपारीसुद्धा उठली. सुरुवातीला मी चिडायचो. नंतर माझाही कान तयार झाला. दोरी कशी ओढली जाते यावरून मी सांगायचो, खोकला आहे की प्रसूती.

प्रचार सुरू झाला आणि सूत्रं मेव्हण्यानं हातात घेतली. फरशा आणि सिमेंट विकणारा माणूस, पण चार सभा झाल्यावर बोलायला लागला जणू पिढ्यान्‌पिढ्या राज्यच चालवतोय. सकाळी मेव्हणा आत सोडेल तेवढे थोडेसे पेशंट, मग दिवसभर गल्ल्या, संध्याकाळी सभा. ही घरी यायची ती पाय ओढत. आम्ही दोघंही छापखान्यातल्या मागच्या जिन्यानं ये-जा करायचो, कारण पुढे कार्यकर्त्यांच्या सायकलींचा ढीग असायचा. एकदा ती म्हणाली, "लोक किती समजूतदार आहेत बघा. इतक्या दिवसांत कुणी घंटी वाजवली नाही." मलाही ते खरं वाटलं.

मतमोजणी शाळेच्या सभागृहात होती. पहिली पेटी उघडली आणि मेव्हणा म्हणाला, "ही त्यांची गल्ली." दुसरी उघडली तेव्हाही तेच म्हणाला. तिसरी पेटी आमच्या गल्लीची होती, आणि तिच्यातही ठेकेदारच पुढे निघाला. मेव्हण्यानं आकडे लिहायचा कागद खिशात घातला. ही मात्र शेवटच्या पेटीपर्यंत ताठ बसून राहिली, मग उठून ठेकेदाराचं अभिनंदन केलं. तो बिचारा इतका गोंधळला, की तिलाच "आभारी आहे, निवडून आल्याबद्दल" असं काहीतरी म्हणून गेला. बँडवाले बाहेर उभेच होते. त्यांनी ठेकेदारासाठी वाजवलं.

आम्ही चालत घरी निघालो. रस्त्यात लोक उठून उभे राहिले, नमस्कार केले. कुणाच्याही चेहऱ्यावर वैर नव्हतं, आणि तेच मला कळेना. त्या दिवशी पुढच्या बाजूला सायकली नव्हत्या, म्हणून आम्ही पुढच्या दारानं गेलो. ही दाराशी थबकली. घंटीची दोरी वर गुंडाळून, गाठ मारून, उंच खिळ्याला अडकवलेली होती. खाली पाटी होती: बाई प्रचारात आहेत. निकालानंतर या.

"कुणी केलं हे?"

"ताई, तुला झोप मिळावी म्हणून," मेव्हणा म्हणाला. "थोड्या दिवसांचाच तर प्रश्न होता."

तिनं दवाखान्यातलं स्टूल बाहेर आणलं, त्यावर चढली आणि नखांनी ती गाठ सोडवत बसली. मी मदतीला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. वर आल्यावर तिनं मला विचारलं, "तुम्ही कुणाला दिलंत मत?"

"हे काय विचारणं झालं? तुला."

"खरं?"

"खरं."

तिनं मान हलवली, पण त्याआधी क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. तो क्षण मला निकालापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा नव्हती. मेव्हणा म्हणत होता, ठेकेदारानं लोकांना विकत घेतलं. मी रागानं समोरच्या शिंप्याकडे गेलो. माणूस जुना, शेजारी, त्याची दोन्ही मुलं आमच्या दवाखान्यात जन्मलेली. मी सरळच विचारलं, "तुझ्या घरातली मतं कुठं गेली?"

त्यानं मशीनवरचा पाय उचलला. लाजलासुद्धा नाही. उलट, काही चांगलं केल्यासारखा बोलला.

"भाऊ, रागावू नका. सूनबाईचे दिवस भरत आलेत. मध्ये तिला कळा आल्यासारखं वाटलं म्हणून मी धावत आलो, तर दोरी वर बांधलेली. त्या कळा खोट्या निघाल्या, ते सोडा. पण मी म्हटलं, प्रचारात ही तऱ्हा, तर बाई नगराध्यक्ष झाल्यावर दोरी खाली येणारच नाही. गावाला नगराध्यक्ष दुसरा मिळेल, आम्हाला बाई कुठून आणायची?"

"आणि म्हणून ठेकेदाराला?"

"अहो, त्या येणारच होत्या! सगळेच म्हणत होते. आमची चार मतं तिकडे गेली काय न्‌ इकडे आली काय. मनाला तेवढंच बरं, की आपण त्यांना जा म्हटलं नाही."

मी बेकरीवाल्याला विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं. थोडंफार तेच. प्रत्येकानं बाकीच्यांच्या जिवावर तिला निवडून दिलं होतं आणि आपलं मत ठेकेदाराला देऊन तिला घरी ठेवून घेतलं होतं.

मी हे सगळं तिला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. "तुला नको म्हणून नाही पाडलं गं. हवी आहेस म्हणून पाडलं. प्रेमच आहे ते."

ती सिरिंजा उकळायला ठेवत होती. "असलं प्रेम माणसं शेळीवर करतात," ती म्हणाली. "दूध देते तोवर खुंट्याला." मग तिनं चिमटा खाली ठेवला. "मी त्यांना सोडून चालले नव्हते हो. मी त्यांच्यासाठीच चालले होते."

महिना झाला नसेल. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि घंटी वाजली. दोरी अशी ओढली गेली, की घंटी खिळ्यावरून निसटून लोंबायला लागली. ही घास टाकून खाली गेली. मागोमाग मी.

शिंपी आणि त्याची बायको सुनेला दोन्ही बाजूंनी धरून उभे होते. तिच्या पायाखाली उंबरा लाल झाला होता. हिनं तिला टेबलावर घेतलं, तपासलं आणि लगेच मला म्हणाली, "गाडी बोलवा. शहरात न्यायला हवं."

"शहरात?" शिंपी म्हणाला. "पण बाई, तुम्ही आहात ना? दोरी ओढली तर आलात ना? तुम्ही इथं असाव्यात म्हणूनच तर आम्ही..."

हिचे हात चालूच होते. "मी आहे," ती म्हणाली. "ऑपरेशनची खोली नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही. नुसती मी आहे."

आवाजात राग नव्हता. असता तर शिंप्याला सोपं गेलं असतं. त्यानं भिंतीला पाठ टेकली आणि तो खाली बसला. गाडी आली. ही मागे सुनेशेजारी बसली. रस्ता त्या बंद प्रसूतिगृहावरूनच जातो. फाटकाला ठेकेदारानं नवं कुलूप घातलं होतं.

दिवे लागायच्या वेळेला ती परतली. मी जिन्यातच उभा होतो.

"मुलगा आहे," ती म्हणाली.

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली.

"मुलगाच वाचला," ती म्हणाली, आणि नळ सोडून हात धुवायला लागली.

त्या बाळाला घेऊन शिंपी अधूनमधून येतो. कधी ताप, कधी पोटदुखी. पण घंटी वाजवत नाही. नातवाला खांद्यावर घेऊन दोरीखाली नुसता उभा राहतो, वर बघत. मी सांगून थकलो, की अरे, ओढत जा. शेवटी हीच खिडकीतून त्याला बघते आणि खाली जाते.